अज्ञानाचा अपराध आणि प्रौढांचा दंड

गेल्या चातुर्मासात आपल्या देवळाच्या सभामंडपात जी कीर्तने झाली, त्यांपैकी एका कीर्तनात बुवांनी उत्तररंगास अणीमांडव्याचे आख्यान लावले होते. आख्यान महाभारताच्या आदिपर्वातील आहे. मांडव्य ऋषी आश्रमाच्या दाराशी मौन धरून तप करीत असता काही चोर राजाच्या शिपायांच्या भीतीने चोरीचा ऐवज घेऊन आश्रमात शिरले व तेथेच दडून बसले. शिपायांनी ऋषींस विचारले. ऋषी मौनात होते, बोलले नाहीत. पुढे ऐवज सापडला, चोर सापडले, आणि न बोलणारा ऋषीही त्यांचाच साथीदार, असे समजून राजाने त्यांसही सुळावर चढविले. तपाच्या बळाने ते मेले नाहीत. राजास चूक कळली, त्याने क्षमा मागितली. परंतु सूळ शरीरातून निघेना, तेव्हा तो बाहेरून कापावा लागला आणि त्याचे टोक आतच राहिले. म्हणून ते अणीमांडव्य.

खरा प्रसंग पुढेच आहे. हे ऋषी यमधर्माच्या सभेत गेले आणि कोणत्या पापाचे हे फळ म्हणून त्यांनी विचारले. धर्माने सांगितले, ‘लहानपणी आपण किड्यांना गवताची काडी टोचीत होता, त्याचे.’ ऋषी म्हणाले, अजाण वयातील अल्प अपराधास एवढा मोठा दंड देणारा तू, आता मनुष्ययोनीत दासीच्या पोटी जन्म घे. आणि आजपासून मी मर्यादा घालतो की चौदा वर्षांच्या आतील कृत्य पाप म्हणून धरले जाणार नाही. धर्म विदुर होऊन जन्मास आला, तो या शापामुळे.

कीर्तन संपले, आरती झाली, प्रसाद वाटला गेला. मंडळी उठू लागली, तेव्हा आयुष्यभर मुलींच्या शाळेत शिकविलेल्या एक वयोवृद्ध भगिनी बुवांपाशी आल्या व म्हणाल्या, ‘‘बुवा, काडीने टोचलेला किडा आणि हाल करून मारलेली मुलगी, ही दोन्ही एकाच मापाने मोजायची काय? सतरा वर्षांचा मुलगा हे करतो, आणि तो लहान म्हणून तीन वर्षांत घरी येतो. त्या मुलीच्या आईला कोणते आख्यान सांगाल?’’ बुवा क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘‘बाई, याचे उत्तर माझ्या झांजेत नाही.’’

उत्तर देता येत नाही हे कबूल करण्यात बुवांचा प्रामाणिकपणा होता. परंतु प्रश्न तेथेच सोडून देणे आम्हांस योग्य वाटले नाही. हा प्रश्न एका भगिनीचा नाही. गेली दहा-बारा वर्षे तो साऱ्या देशाचा आहे. म्हणून या अंकात त्याचा थोडा विचार वाचकांसमोर ठेवीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मुलांच्या अपराधांचा विचार निराळा व्हावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. स्मृतिवचनांत सोळा वर्षांखालील बालकास, ऐंशी वर्षांवरील वृद्धास व रोग्यास अर्धे प्रायश्चित्त सांगितले आहे. इंग्रजी अमलात १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानले नाही, आणि सात ते बारा या वयात मुलास समज होती की नव्हती हे पाहण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही दोन्ही कलमे कायम आहेत. मुलांसाठी स्वतंत्र कायदे मद्रास इलाख्यात १९२० साली, बंगालात १९२२ साली आणि मुंबई इलाख्यात १९२४ साली झाले. सर्व देशासाठी एक कायदा १९८६ साली झाला. त्यात मुलग्यांची मर्यादा सोळा वर्षांची होती व मुलींची अठरा. भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार मान्य केला आणि त्यास अनुसरून २००० सालच्या कायद्याने दोघांनाही अठरा वर्षांची मर्यादा लावली.

पुढे डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुण विद्यार्थिनीवर धावत्या बसमध्ये जो अत्याचार झाला व ज्यात तिचा प्राण गेला, त्याने देश हादरला. सहा आरोपींपैकी एक अठरा वर्षांस काही महिने कमी असलेला होता. त्यास कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त म्हणजे तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्यात आले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला. त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा कायदा संमत केला व जानेवारी २०१६ मध्ये तो अमलात आला. या कायद्याप्रमाणे, ज्या अपराधास किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे असा अतिगंभीर अपराध सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ आधी एक प्राथमिक चौकशी करते. मुलाची तो अपराध करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता होती काय, परिणाम समजण्याची त्याची पात्रता होती काय, आणि अपराध कोणत्या परिस्थितीत घडला, हे पाहून मंडळ त्याचे प्रकरण बाल न्यायालयाकडे सोपवू शकते, आणि तेथे त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालू शकतो. फाशी, किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप, मात्र त्यास देता येत नाही.

हा कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सतरा वर्षांचा मुलगा काही किड्यास काडी टोचणारे अजाण लेकरू नव्हे. खून म्हणजे काय हे त्यास कळते; बलात्कार पाप आहे हे त्यास सांगावे लागत नाही. ज्या घरातली मुलगी गेली, त्या घरच्यांना अपराध्याच्या जन्मतारखेचा दाखला दाखवून गप्प बसा म्हणणे हे क्रूरपणाचेच होय. वयाचा आडोसा घेऊन सराईत टोळ्या मुलांच्या हातून अपराध करवून घेतात, हीही गोष्ट खरी आहे. हे सर्व मान्य करूनही, मुलास प्रौढ ठरवून त्याचा न्याय करणे आम्हांस धर्म्य वाटत नाही. त्याची कारणे अशी.

पहिले कारण, आपण कृत्यावरून वय ठरवू लागलो आहोत. सतरा वर्षांच्या मुलाने सायकल चोरली तर तो मूल. त्याने खून केला तर तो प्रौढ. मुलगा तोच, बुद्धी तीच, वय तेच. बदलली ती केवळ कृत्याची भीषणता. भीषणता हे कृत्याचे मोजमाप आहे, करणाऱ्याच्या समजेचे नव्हे. किंबहुना, परिणामाचा विचार न करता क्षणात केलेले कृत्य पुष्कळदा अधिक भीषण होते, आणि तोच अप्रौढपणाचा पुरावा असतो. आपण मात्र त्यालाच प्रौढपणाचा पुरावा मानतो. आख्यानाकडे पुन्हा पाहावे. ऋषींनी मर्यादा घातली ती वयावर घातली. किडा लहान असेल तर क्षमा आणि मोठा असेल तर नाही, असे ते म्हणाले नाहीत. चौदा हा आकडा त्या काळचा, सोळा दुसऱ्या काळचा, अठरा आजचा. आकड्याविषयी वाद होऊ शकतो. परंतु रेघ एकदा वयावर ओढली की कृत्य पाहून ती मागे-पुढे सरकवायची नाही, यातच तिचे सारे मोल आहे.

आणि अठरा ही रेघ आपण इतर सर्व ठिकाणी पाळतो. १९८९ पासून मताचा अधिकार अठराव्या वर्षी मिळतो. त्याआधी मुलाने केलेला करार कायद्यास मान्य नाही. तो वडिलांची जमीन विकू शकत नाही, मोटार चालविण्याचा परवाना काढू शकत नाही. आपल्या संस्थेच्या घटनेतही अठरा वर्षांखालील व्यक्तीस सभासद होता येत नाही, वार्षिक सभेत हात वर करता येत नाही. अधिकार देताना तो लहान, आणि दंड देताना तेवढा मोठा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

दुसरे कारण समज आणि संयम यांच्यातील भेदाचे आहे. कायदा विचारतो, मुलास परिणाम समजत होते काय. परंतु समजणे आणि आवरणे या दोन निराळ्या शक्ती आहेत, आणि त्या एकदम येत नाहीत. आजचे मेंदूशास्त्र सांगते की विकार, धाडस व सोबत्यांपुढे फुशारकी यांना चेतविणारे मेंदूचे भाग लवकर बळावतात; त्यांस आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. हे समजण्यास शास्त्रज्ञच हवेत असे नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने आपले सोळावे-सतरावे वर्ष आठवून पाहावे. त्या वयात आपण जे केले नाही, ते सारे शहाणपणाने टाळले, की कोणी हात धरला म्हणून, संधी आली नाही म्हणून, किंवा केवळ दैव बलवत्तर म्हणून? प्रामाणिक उत्तर देणारा मनुष्य दुसऱ्याच्या मुलाकडे थोड्या निराळ्या नजरेने पाहील.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. प्राथमिक चौकशी ही खटल्याच्या आधी होते. अपराध मुलाने केला की नाही हे तेव्हा ठरलेले नसते. तरीही त्या वेळी विचारले जाते की हा अपराध करण्याची त्याची क्षमता होती काय. म्हणजे केला असेच धरून पुढे जायचे. मंडळात एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात. त्यांनी काही महिन्यांत, घटनेच्या दिवशी मुलाच्या मनात काय होते हे सांगावयाचे. हे काम नाजूक आहे हे सर्वोच्च न्यायालयानेही जाणले. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे त्याने २०२२ साली सांगितले. परंतु तज्ज्ञासही मागील दिवसाचे मन पाहता येत नाही. आणि मंडळासमोर उभा असतो तो बहुधा गरीब घरचा, शाळा सुटलेला, भेदरलेला मुलगा. तो बोलत नाही. मांडव्य बोलले नाहीत म्हणून ते चोर ठरले. हा बोलत नाही म्हणून निगरगट्ट, पक्का ठरतो.

आता एक व्यावहारिक आक्षेप घेऊ. तत्त्वे राहू देत. कडक दंडाने धाक बसतो की नाही? याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. मुलांसाठी पहिले स्वतंत्र न्यायालय शिकागो येथे १८९९ साली निघाले, ते अमेरिकेतच. तेथेच एकोणीसशे नव्वदनंतरच्या दशकात बालगुन्हेगारीच्या भीतीने बहुतेक संस्थानांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठविणे सोपे केले. पुढे २००७ साली तेथील तज्ज्ञमंडळाने अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसून आले की प्रौढांच्या न्यायालयात पाठविलेली मुले, बालन्यायालयात ठेवलेल्या मुलांपेक्षा, पुढे अधिक हिंसक अपराध करतात. यात नवल ते काय? सतराव्या वर्षी ज्यास प्रौढ कैद्यांची वाट दाखविली, तो तेथूनच प्रौढपणा शिकणार. आपल्या कायद्याने एवढी दक्षता घेतली आहे की असा मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत तुरुंगात न जाता सुरक्षित स्थानी राहतो. परंतु त्यानंतर तुरुंगाचे दार त्याच्यासाठी उघडे आहे.

आपल्याकडे बालगुन्हेगारांचा महापूर आला आहे, अशीही समजूत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पाहिले तर देशातील एकूण अपराधांत मुलांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास, अलीकडे त्याहूनही कमी आहे. न्यायमूर्ती वर्मा यांच्या समितीने दिल्लीच्या घटनेनंतर लवकरच, जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. स्त्रियांवरील अत्याचारांच्या कायद्यात तिने कडक सुधारणा सुचविल्या. परंतु बालकाच्या वयाची मर्यादा खाली आणू नये, असेच सांगितले. संतापाच्या भर उन्हात बसून लिहिलेले हे शांत मत आहे. त्याचा मान राखला जावयास हवा होता.

मग त्या भगिनींच्या प्रश्नाचे काय? त्यांच्या प्रश्नाचा एक भाग आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. तीन वर्षे ही कमाल मर्यादा काही अपराधांस फार अपुरी आहे. परंतु त्याचा उपाय मुलास प्रौढ म्हणण्यात नाही. मुलास मूल म्हणूनच, बालकांच्याच व्यवस्थेत, अधिक काळ ठेवता येईल. दरवर्षी त्याची तपासणी व्हावी. शिक्षण, धंदा व मनाचे उपचार हे कागदावर न राहता प्रत्यक्ष व्हावेत. आणि तो खरोखर पालटला असे ठरल्याविना सुटका होऊ नये, आणि या मुदतीलाही कायद्याने शेवट असावा. एकविसाव्या वर्षी तरुण सुधारला की नाही हे पाहण्याची तरतूद आजच्या कायद्यात आहेच. ती केवळ प्रौढ ठरविलेल्यांपुरती का असावी? दंडाचा काळ वाढविण्यास आमचा विरोध नाही. मनुष्य अजून घडत असतानाच तो घडून संपला असे जाहीर करण्यास आमचा विरोध आहे.

दुसरा भाग त्या मातेचा. येथे आम्ही खोटे सांत्वन सांगणार नाही. तिचे दुःख अपराध्याच्या कैदेच्या वर्षांनी मोजता येत नाही. तीन वर्षे ही तिला थोडी, तीसही थोडीच. दिल्लीच्या त्या प्रकरणातील चौघा प्रौढांस २० मार्च २०२० रोजी फाशी झाली. त्याने कायद्याचा शब्द पुरा झाला, परंतु गेलेली मुलगी घरी आली नाही. अशा मातेस न्यायाकडून जे मिळू शकते, ते तरी तिला पुरते मिळावे: तिचे म्हणणे मंडळाने समोर बसवून ऐकावे, प्रकरणाची प्रत्येक वार्ता तिला वेळेवर कळावी, भरपाईसाठी तिला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत, आणि अपराध्यास आपल्या कृत्याचे नाव तोंडाने उच्चारावयास लागावे. आज यातले बहुतेक होत नाही. मग उरतो तो केवळ दंडाचा आकडा, आणि सगळा समाज त्या आकड्यावर भांडतो.

तिसरा भाग आपला, म्हणजे वडीलधाऱ्यांचा. मे २०२४ मध्ये पुण्यात एका भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. मोटार सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती असा आरोप आहे. जामिनासाठी त्यास तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले, म्हणून लोक संतापले, आणि तो संताप समजण्यासारखा होता. परंतु त्याच प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप ज्यांच्यावर आले, ती माणसे अठराच्या खूप पुढची होती. मुलाच्या हाती गाडीची किल्ली कोण देते? त्याच्या हाती दारूचा पेला, सुरा किंवा वाईट चित्रांचा मोबाईल कोण देते, किंवा कोण पाहूनही पाहत नाही? २०१९ साली मोटार कायद्यात सुधारणा होऊन अज्ञान मुलाच्या अपराधाबद्दल पालकासही तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, हे योग्यच झाले. मुलास प्रौढ ठरविले की प्रौढांची जबाबदारी आपोआप नाहीशी होते. म्हणूनच तो उपाय आपणांस इतका सोयीचा वाटतो की काय, अशी शंका येते.

आख्यानाचा शेवट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. दंड देण्यात चूक करणाऱ्या धर्मालाच दंड झाला. तो विदुर झाला, म्हणजे सर्व जाणणारा, परंतु सिंहासनाचा अधिकार नसलेला. दासीचा मुलगा म्हणून जन्मभर खालच्या आसनावर बसलेला. ज्याने वरून न्याय केला होता, त्यास खालून जग पाहावे लागले. आमच्या मते या कथेचा अर्थ असा की न्याय करणाराही न्यायाच्या बाहेर नाही. बालकाच्या न्यायात जो समाज चुकेल, त्याला त्याची किंमत द्यावी लागते, आणि ती पुढच्या पिढीच्या तुरुंगांच्या रूपाने तो देतोच.

त्या भगिनींस हे उत्तर पटेलच असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ती मुलगी आहे. तशी ती असलीच पाहिजे. आमची विनंती एवढीच की तिच्या शेजारी तो मुलगाही उभा आहे, त्यालाही त्यांनी एकदा पाहावे. चाळीस वर्षांच्या शिक्षकीत त्यांनी पुष्कळ मुले घडताना पाहिली असतील, काही बिघडून पुन्हा सावरताना पाहिली असतील. सतराव्या वर्षी कोणत्या मुलाविषयी ‘हा आता संपला’ असे त्यांनी हजेरीपटावर लिहिले होते काय? आणि विशेष गृहातून परत आलेल्या मुलास आपल्यापैकी कोणी दुकानात, कारखान्यात, निदान देवळाच्या उत्सवातल्या कामात उभे करून घेईल काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांसही द्यावयाचे आहे, आणि ते लेखाने देता येणार नाही.